डाळ मिलच्या काट्यावर

ट्रक माझ्या नावावर आहे. जुनी गाडी घेण्यासाठी माझे दागिने मोडले तेव्हाच मी सांगून टाकलं होतं, गाडी माझ्या नावावर होईल. नवऱ्यानं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. आता स्वतःची आली, तर क्लीनर ठेवायची सोय नव्हती. म्हणून पहिल्या भाड्याला मीच त्याच्या शेजारी बसले. आमच्या वलगावात घराघरांतून बाया दारात येऊन बघत होत्या. मी मोठ्या ऐटीत बसले होते.

अमरावतीच्या मार्केटातून तूर भरली. अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये ती खाली करायची होती. मूर्तिजापूर गेल्यावर मी पाणी पिणं बंद केलं, तरी मिलच्या गेटवर पोचेपर्यंत पोटात कळा यायला लागल्या होत्या. गेटबाहेर गाड्यांची ही लांब रांग. ड्रायव्हर लोक खाली उतरत, मिलच्या भिंतीमागं जाऊन येत. माझा नवराही जाऊन आला. मी कुठं जाणार? रस्त्याच्या दोन्ही अंगाला कारखाने आणि उघडं माळरान.

दुपार टळल्यावर आमची गाडी आत, वजनाच्या काट्यावर चढली. चौकीदार आला.

"बाई, खाली उतरा. बायकांले आत परवानगी नाई. बाहीर थांबा."

"उतरतो. पयले संडास कुठं हाय ते सांगा."

तो हसला. "बायकांसाठी सोय नाई इथं."

समोरच्या आफिसच्या काचेतून दोन मुली कम्प्युटरवर काम करताना दिसत होत्या. मी विचारलं, "मंग त्या कुठं जातात?"

"ते स्टाफचं हाय. कुलूप असते त्याले."

ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. मी हात घालून गाडी बंद केली आणि चावी काढून मुठीत धरली. काटा अडला. मागून हॉर्न सुरू झाले. कोणी शिव्या देऊ लागलं.

नवरा हात जोडायचा तेवढा राहिला होता. "काहून तमाशा करून राहिली? पयलं भाडं हाय आपलं. चावी दे."

"तुमी जाऊन आले ना भिंतीमागं? मंग बसा."

मागच्या गाडीचा म्हातारा ड्रायव्हर भांडायलाच खाली उतरला होता. काय झालं ते चौकीदाराकडून ऐकलं आणि त्याच्यावरच ओरडला, "अरे, आमालेही कुठं सोय हाय इथं? जनावरं हाओत काय आमी?" मग आणखी दोघं-तिघं उतरले.

आफिसातून मॅनेजर आला, तसा नवरा खाली उतरला. "गाडीचा मालक कोण?"

"मी."

त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. नवऱ्याला म्हणाला, "अरे, तुझ्या बायकोला समजव."

त्याच्याहून वयानं कितीतरी मोठ्या माणसाला अरेतुरे. आणि माझा नवरा मान खाली घालून उभा. मला मॅनेजरपेक्षा त्याचाच संताप जास्त आला. मी वरूनच म्हटलं, "माह्याशी बोला, साहेब. गाडी माही हाय. संडासाचं कुलूप उघडा, मी काटा मोकळा करतो."

हॉर्न वाजतच होते. शेवटी त्यानं चिडून एका मुलीला माझ्यासोबत पाठवलं. पांढऱ्या फरश्या, साबण, नळाला भरपूर पाणी. ते पाहून राग उतरायच्या ऐवजी आणखी चढला. एक कुलूप उघडायला एवढं जड!

आमची गाडी त्यांनी मुद्दाम सगळ्यात शेवटी खाली केली. पुढच्या आठवड्यात भाडं मिळवून देणाऱ्या दलालाचा फोन आला. गाडी पाठवा, पण बाई नको, असा मिलचा निरोप होता. नवरा "बरं" म्हणाला. मी त्याच्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, बाई नको तर गाडीही नको.

नंतर कितीतरी दिवस भाडंच मिळालं नाही, गाडी दारात उभी राहिली. नवरा माझ्याशी धड बोलत नव्हता. मग वलगावच्याच भाजीवाल्यांनी कोबी न्यायला बोलावलं. त्यांच्या बाया माल घेऊन सोबत येतात, केबिनमध्ये माझ्याशेजारी बसतात. हळूहळू बाकीचीही भाडी मिळू लागली. त्या मिलचं मात्र कधीच नाही.

परवा जेवताना नवरा म्हणाला, "तुह्या रागापायी एक पक्कं गिऱ्हाईक गेलं. जरा कमी कर."

मी म्हटलं, "माहा कमी करतो. पयले तुमाले थोडा येऊ द्या."