गिरजामावशीच्या घरातला गाळ

गिरजामावशी कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीवर बोटांनी टकटक करायची आणि मगच आत पाऊल टाकायची. दार सताड उघडं असलं तरी. लोक हसायचे, "मावशे, भिंतीला काय इचारून राह्यली?" म्हणून चिडवायचे. "पडनार हाय का न्हाई, ते!" असं ती चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगायची. मातीच्या घरात जन्म काढलेली बाई ती, तिला भिंतीच्या आवाजावरून तिची ओल कळायची.

मी तेव्हा आष्टीच्या पलीकडे, दुधनेकाठच्या एका खेड्यात शाळेवर होते. बौद्धांच्या पोरीला खोली द्यायला गाव का-कू करत होतं. धनगराच्या या विधवा बाईने आपल्या घराशेजारची खोली उघडून दिली. "रिकामी पडून हाय. नुसते उंदीर किती दिस सांभाळू?" म्हणाली. ती एकटी, मी एकटी. संध्याकाळी दोघी ओट्यावर बसायचो आणि बरेचदा काही बोलायचोही नाही.

त्या वर्षी दुधनेला पूर आला. अख्खं गाव टेकाडावरच्या शाळेत दोन दिवस दाटीवाटीने बसलं. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, लख्ख ऊन पडलं आणि सगळे घराकडे धावत सुटले. मावशी गल्लीच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली. "थांबा! भिंत पान्यात पडत न्हाई, उनात पडती. बिलकुल आत जायचं न्हाई!" चंदर नावाचा तालेवार गडी तिला ढकलून आत घुसला, तर तिने त्याला सदऱ्याला धरून बाहेर ओढलं. शिव्या देत तो दारात उभा असतानाच त्याच्या घराची मागची भिंत धाडकन बसली. त्यानंतर गाव तिला थांबामावशी म्हणायला लागलं.

मग आठवडाभर तिचाच हुकूम चालला. आधी काठीने गाळ ढवळायचा, साप निघतो. चुलीत हात घालायचा नाही, विंचू असतो. पुराचं पाणी लागलेली ज्वारी कोंबडीलासुद्धा टाकायची नाही. पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही, भांडी राखेने घासून उन्हात पालथी घालायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, गाळ ओला असतानाच उपसायचा. "काळ्या मातीचा गाळ हाय ह्यो. आज फावड्यानं निघंल, आठ दिसानं कुदळीला बी आयकायचा न्हाई. जल्दी करा!"

माझी खोली तिनेच साफ केली. वहीचं एकेक पान सोडवून दोरीवर टाकलं. गावातली वीसेक घरं तिने पदर खोचून उपसली असतील. तिच्या स्वतःच्या घराला मात्र बाहेरून कडी होती आणि आत गुडघाभर गाळ; झोपायला ती माझ्या खोलीत यायची. मी फावडं घेऊन गेले, तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या बाई. सदा यील ना."

सदा तिचा एकुलता एक मुलगा. जालन्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. जालन्याहून आमच्या तालुक्याला, परतूरला, यायला गाडीने असा कितीसा वेळ लागतो? पण तीन वर्षांत तो फिरकला नव्हता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घर साफ झालं तर पोराने यायचं कशाला? म्हणून ही शहाणी बाई गाळ तसाच ठेवून बसली होती.

तिने माझ्याकडून पोस्टकार्ड लिहून घेतलं. आता तरी बोलेल, म्हणून मी पेन सरसावून बसले. "लिव्हा. पूर आल्ता. मी बरी हाय. घर उभं हाय. काळजी करू नको." आणि थांबली. "मावशी, ये म्हणून लिहू?" असं मी विचारलं. ती एकदम कडाडली, "आईनं बोलवावं लागतंय व्हय?" कार्डावर चार बोटं जागा उरली होती. तिला न सांगता एक ओळ लिहायला माझं काय जात होतं? पण नाही लिहिली. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मावशी रोज परतूरच्या एसटीच्या वेळेला सडकेवर जाऊन उभी राहायची. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. मी वाचून दाखवलं, "तू बरी आहेस हे कळून जिवाला बरं वाटलं. घर उभं आहे म्हणजे चिंता नाही. दिवाळीला जमलं तर येतो."

"पुन्ना वाचा," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं.

"बराबर लिवलंय त्यानं. मीच तसं सांगितल्तं." तिने उठून दाराची कडी काढली. आतला गाळ दगडासारखा झाला होता. एका दिवसाच्या कामाला आम्हा दोघींना नऊ दिवस लागले. ती कुदळ मारायची, मी ढेकळं घमेल्यात भरून बाहेर टाकायचे. त्या नऊ दिवसांत तिने सदाचं नाव काढलं नाही.

शेवटचं घमेलं टाकून ती उंबऱ्यावर बसली. हाताला फोड आले होते. मी कार्ड आणलं आणि म्हटलं, "मावशी, उत्तर लिहायचं ना?" या वेळी खरं तेच लिहायचं, असं मी ठरवून आले होते.

तिने पदराने तोंड पुसलं. "लिव्हा," म्हणाली. "घर साफ झालं म्हनावं. चार गडी आल्ते मदतीला. तू घाई करू नको."

मला रडू आलं, तिचा रागही आला. आणि तिने सांगितलं तसंच, शब्दन् शब्द, मी लिहिलं.