मोठ्या बाईंची हजेरी

घाटकोपरच्या डोंगरावरची आमची पालिकेची शाळा कोरोनाच्या पहिल्या लाटेत विलगीकरण केंद्र झाली. बाकं गच्चीवर गेली, वर्गांत गाद्या आल्या आणि केंद्र सांभाळायचा हुकूम मुख्याध्यापिकेवर आला. डॉक्टर दिवसातून एकदा येणार, बाकी सगळं बाईंनी बघायचं. जिने जन्मभर पाढे शिकवले तिच्या हातात ऑक्सिमीटर देऊन साहेब लोक गाडीत बसले. याला म्हणे नियोजन.

माझी आई चौथी ‘ब’मध्ये होती. मी शिकले तोच वर्ग.

गेटच्या आत कुणाला सोडत नव्हते. वर्गाला एकच प्लग, त्यामुळे आतल्यांचे फोन बंद पडलेले. बाहेर नुसती बोंबाबोंब. मी तेव्हा वस्तीतल्या एका संघटनेची पत्रकं लिहायचे. एक लिहिलं आणि गेटवरच वाटलं : ‘संडास तुंबलेले, पाणी नाही, हे केंद्र की कोंडवाडा?’ शेवटच्या ओळीत पाण्याच्या टँकरची मागणी.

मोठ्या बाई (शाळेत आम्ही मुख्याध्यापिकेला हेच म्हणायचो) मास्क सावरत गेटपाशी आल्या. उभ्या उभ्या पत्रक वाचलं.

“मला शिव्या दे, हरकत नाही. पण टँकरची मागणी एवढी खाली का गं? वर घे.”

“बाई, आधी आई कशी आहे ते सांगा ना.”

“सकाळी परिपाठाच्या वेळेला ये. तीच सांगेल.”

सकाळी शाळेचा भोंगा खरखरला आणि बाईंनी हजेरी सुरू केली. वर्गावर्गाची. नाव भोंग्यावर, उत्तर खिडकीतून. “हजर!” आपल्या माणसाचा आवाज आला की रस्त्यावरचा एकेक जण खाली बसायचा. आईचं नाव आलं.

“हाय की! जातीय कुठं, भाईर कुलूप हाय!”

अख्खा रस्ता हसला. शेजारची म्हणाली, “तुझी मम्मी पण ना यार, झकास!”

मग मी रोज जायला लागले. आई रोज काहीतरी नवीन बोलायची.

एका सकाळी तिचं नाव आलं आणि खिडकी गप्प. बाईंनी पुन्हा घेतलं. मग पुढचं नाव.

मी गेट बडवलं. हजेरी संपल्यावर बाई आल्या.

“पहाटे दम लागला तिला. हॉस्पिटलला नेलंय. तुझा फोन लागत नव्हता.”

“मग नाव कशाला घेतलंत? सगळ्यांसमोर?”

“आजारी मुलाचं नाव कधी गाळलंय मी? परत आली तर काय म्हणेल ती?”

मी भांडायला हवं होतं.

त्यानंतर रोज आईचं नाव यायचं, रस्ता गप्प व्हायचा, मग पुढचं नाव. हॉस्पिटलच्या फोनवर एकच शब्द मिळायचा, ‘स्टेबल’. एक दिवस पूर्ण वाक्य मिळालं.

संध्याकाळी गेटवर गेले. म्हटलं, “बाई, उद्यापासून तिचं नाव नको.”

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, “जेवलीस?”



सकाळी भोंगा खरखरला. आईच्या आधीचं नाव आलं, लगेच नंतरचं. मधे श्वासाएवढीही जागा नव्हती. मी पिशवीतून नवीन पत्रकं काढली आणि वाटायला लागले. टँकर अजून आलेला नव्हता. मागणी पहिल्या ओळीत होती.