यशवंतकाकांनी टाकलेल्या नरम स्प्रिंगा

गेल्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी, दिवा गावाजवळच्या रस्त्यावर रजनीकाकू गेल्या. गुन्हा नोंदला गेला त्यांच्या नवऱ्यावर, आमच्या यशवंतकाकांवर. रस्ता खणून तसाच टाकणाऱ्या ठेकेदारावर नाही. हा अन्याय आहे. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

यशवंतकाका घरापुढेच मोटरसायकली दुरुस्त करायचे. धक्के झेलणाऱ्या मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगा बदलाव्यात तर त्यांनीच. गाडीकडे बघायच्या आधी ते विचारायचे, "मागं कोण बसतं?"

मी पहिल्यांदा गेलेलो तेव्हा म्हटलं, "कधी आई, कधी पत्रकांचे गठ्ठे."

"गठ्ठ्यांची कंबर दुखत नाही. आईला आण."

आईला आणलं. तिला गाडीवर बसवून काका वाकून मागचं चाक बघत राहिले. "वजन किती, वहिनी?"

"अहो, आधी नाव तरी विचारा!"

"स्प्रिंगला नाव काय करायचंय?"

मग म्हणाले, "चालवणाऱ्याला खड्डा दिसतो तरी. मागच्याला तो एकदम मणक्यातच कळतो."

एकच स्प्रिंग बदला, असं कुणी म्हटलं की चिडायचे. "एक दमलेली, एक ताठ, अशी जोडी चालत नाही." चहा घेऊन आलेल्या रजनीकाकू म्हणायच्या, "आमची चाललीये की इतकी वर्षं." काका सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

काकूंची कंबर धरली, म्हणून आदल्या दिवशी, रविवारी, काकांनी स्वतःच्या गाडीला नेहमीपेक्षा नरम स्प्रिंगा टाकल्या. "उद्या देवळात जाताना खड्डा आलेला कळणारपण नाही तुला," म्हणाले.

सोमवारी सकाळी, पाइपसाठी खणलेला चर रस्त्यात आडवा होता. पाण्याने भरलेला. ना फलक, ना अडथळा. चाक आत गेलं, काकू मागे फेकल्या गेल्या. कळव्याच्या इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलेलं.

चौकीत काका आपणहून बोलले. "साहेब, स्प्रिंगा मी नरम टाकल्या. पार दबल्या आणि तिला उडवलं." तेवढंच लिहून घेतलं. मी विचारलं, "आणि चर?" उत्तर आलं, "त्यांनीच कबूल केलंय ना?"

बाहेर आल्यावर मी ओरडलो, "काका, कशाला बोललात?"

"अरे, शॉकअप खोलला मी. मग सांगणार कोण?"

गॅरेज बंद आहे. कुणी गाडी आणली तर काका दारातूनच हात जोडतात. "माझ्याकडे नको रे. मागं बसणाऱ्यांची भीती वाटते." दोष तुमचा नाही, असं कुणी कितीही सांगा, त्यांना ते पटत नाही. बायकोला आपणच मारलं, असं हा माणूस धरून बसलाय.

आणि अपघाताच्याच संध्याकाळी चर बुजवून वर डांबर टाकलं. आता ठेकेदार म्हणतो, चर नव्हताच.

तुम्ही दिव्याहून कल्याणला, डोंबिवलीला, ठाण्याला जाता. त्या आठवड्यात तुमचंही चाक त्यात आदळलेलं. तुम्ही शिवी घातलीत आणि पुढे गेलात. आता ठाण्याच्या कोर्टात या. काकांच्या देखत, न्यायाधीशांना सांगा: तिथे चर होता.