सात पेरांचा किडा

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण माझे डोळे शाबूत आहेत, आणि माझ्या डोळ्यांना कुणी खोटं म्हटलेलं मी ऐकून घेत नाही. म्हणून तर त्या शुक्रवारी पहिल्या एस.टी.नं कोडोलीहून कोल्हापूरला निघालो.

कारण सांगतो. आमच्या वीस गुंठे मिरचीची फुलं गळायला लागली होती. फूल धोतरावर झटकलं की तिळाहून बारीक काळे किडे पडायचे आणि तुरुतुरु पळायचे. त्यांच्यात थोडे पिवळेही असायचे. तानाजी, माझा थोरला, म्हणाला, "आबा, दरसालचाच फुलकिडा हाय ह्यो. औषध मारून दमलो. रविवारी मिरची उपटायची, उसाची रोपं सांगितल्यात." मी म्हणालो, पिवळे दरसालचे, काळे नवे. जुनाच किडा निघाला तर सगळी मिरची मी माझ्या हातानं उपटीन. सगळ्या घरासमोर शब्द दिला.

कोल्हापुरात शेतकी कॉलेजात किडे ओळखणाऱ्या एक बाई आहेत. फोनवर म्हणाल्या, "अल्कोहोलमध्ये बुडवून आणा." आमच्याकडचं औषधाचं दुकान त्या दिवशी बंद. मग जन्मात चहापलीकडे काही न घेतलेला मी तोंडाला टॉवेल गुंडाळून देशीच्या दुकानाची पायरी चढलो आणि संत्र्याच्या रंगाची बाटली घेऊन आलो. किडे तिच्यात गेले. झाड न दाखवता रोग विचारणं मला पटत नाही, म्हणून फुलांची एक फांदीही कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली.

वाघबिळाच्या वळणावर बाटलीचं बूच ढिलं झालं आणि गाडीभर वास सुटला. कंडक्टर ओरडला, "कोण रं त्यो सकाळच्या पारी सुरू झालेला?"

"माझी न्हवं ती," मी म्हणालो. "किड्यांची हाय."

"व्हय व्हय आबा, किडं लई प्याला लागल्यात हल्ली!"

गाडी खो खो हसली. मी मान वळवून खिडकीबाहेर बघत बसलो. जोतिबाचा डोंगर उन्हात असा धुतल्यासारखा दिसत होता की राग तिथंच उतरला. काय सांगू, लग्नाच्या वऱ्हाडाला निघाल्यासारखं वाटत होतं मला!

स्टँडसमोर मिसळ खाल्ली. वरचा रस्सा, म्हणजे कट, लाल होता, पण जिभेला चटका नाही. मालकाला विचारलं, "मिरची कुठली?"

"बाहेरनं येती आबा. हितली मिळंना झालीया."

"मिळंल," मी म्हणालो.

कॉलेजच्या दारावर पहारेकऱ्यानं पिशवी हुंगली. "पावणं, घरला जावा. हितं शिकत्यात, पीत न्हाईत." मी हटलो नाही. तिथंच पायरीवर बसलो. शेवटी बाईच बाहेर आल्या. गडहिंग्लजकडच्या, त्यामुळं मला अज्जा (आजोबा) म्हणत होत्या. बाटली उजेडात धरून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "अज्जा, ह्याची ओळख रंगावरनं सुरू होती. तुम्ही सगळ्यांनाच संत्र्यात रंगवलासा!"

मी फांदी बाहेर काढली, मांडी घालून बसलो आणि फूल धोतरावर झटकलं. पडले की किडे!

"जिवंत किडं एस.टी.तनं फिरवलासा?" बाईंचं हसू थांबलं. "दुसऱ्याच्या रानात गेलं असतं म्हंजे? परत असं करायचं न्हाय." मी फांदी परत कागदात गुंडाळली. मग त्याच म्हणाल्या, "पण झटकायची रीत आमचीच हाय. आम्ही पांढऱ्या कागदावर झटकतो, एवढंच."

मग मला आत नेऊन खुर्चीवर बसवलं, ओल्या कुंचल्यानं एक काळा किडा उचलला, काचेवर ठेवला आणि मला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं.

अहो, काय ते जनावर! पंख माशीसारखे नाहीतच. एक बारीक काडी आणि तिच्या दोन्ही अंगांना केसांची झालर. अंग काळपट तपकिरी, डोकं आणि छाती जरा उजळ, पाय पिवळसर. बाईंनी सांगितलं की ह्याला जबडा एकच, डावा. उजवा वाढतच नाही. त्या एका जबड्यानं फूल खरवडायचं आणि रस ओढायचा. पायाला नखी नाही, टोकाला फुगणारा फुगा. मी डोळा काढायला तयार नव्हतो.

"आता मिशा मोजा," बाई म्हणाल्या. "दरसालच्या किड्याच्या मिशीला आठ पेरं असत्यात."

मोजली. सात! मी खुर्चीवरून उठलोच. "म्हणलं न्हवतं? नवा हाय! पिवळं तेवढं जुनं."

"पिवळंबी बघू की."

त्यांनी पिवळा ठेवला. मी मोजला. सात. काच सरकवायला लावून पुन्हा मोजला. सात. दुसरा पिवळा ठेवा म्हणालो. तोही सात.

"अज्जा, काळी मादी आणि पिवळा ह्यो तिचा नर. एकच जात. फुलात लपून बसती, त्यामुळं वरनं मारलेलं औषध लागत न्हाय, उलट तिला खाणारं मित्रकिडं मरत्यात." निळे चिकट कागद लावा, गळलेली फुलं पुरा, जास्त कीड लागलेल्या सऱ्यांतली झाडं काढा, बाकीची मिरची वाचेल, असं त्यांनी समजावलं.

परतीच्या गाडीत मला जागा मिळाली नाही, आणि उभं असल्याचं कळलंही नाही. पन्नास वर्षं मिरची केली, आणि तिच्या फुलात बसणाऱ्याचे नर-मादी मला ठाऊक नव्हते. एवढ्याशा टिंबाला जबडा आहे, झालर आहे, संसार आहे. माणसाला बघायला लांबच जावं लागतं असं नाही, पण मला जावं लागलं.

तानाजी बांधावरच उभा होता. "काय म्हणल्या बाई?"

"काळा नवा हाय. निळं चिकट कागद लावलं तर मिरची वाचंल म्हणाल्या." मग दम घेतला. "पिवळ्याचं माझं चुकलं. त्योबी नवाच. नर हाय त्यो."

"आबा, चुकलं म्हणलासा? तुम्ही?"

"म्हणलो की. मोजलं मी."

"मग बाकीचं खरंच असणार," म्हणून त्यानं रोपवाटिकेला फोन लावला. पलीकडचा माणूस ओरडत होता ते मलाही ऐकू येत होतं.

"अवो, रोपं दुसऱ्याला द्या," तानाजी म्हणाला. "आमच्या रानात मिरची हाय."