विलासच्या वहीतला गुरुवार

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. खरं तर माझ्या फजित्या मी स्वतःच गावभर सांगत फिरतो. चुकीच्या घरात शिरून तिथल्या धडधाकट आजोबांकडून अर्धा तास हाताचे व्यायाम करून घेतले, हा किस्सा तर नातेवाइकांना पाठ आहे. पण ही गोष्ट — ही सांगताना हसू येत नाही.

माझं काम आधी सांगतो. अपघातात मेंदूला मार बसलेल्या माणसाला दवाखाना घरी सोडतो. पुढची कित्येक वर्षं त्याच्याकडे जात राहायचं, व्यायाम, दाखले, घरच्यांचा धीर, पुन्हा कामावर जाणं — सगळ्याची मोट बांधायची. ‘समन्वयक’ म्हणतात मला. घरात टीव्हीच्या रिमोटवरून समन्वय साधता येत नाही, तो मी.

ओझरचा विलास असाच एक. वर्कशॉपमध्ये फिटर होता, मोटारसायकलवरून पडला. जुनं सगळं लख्ख आठवायचं. सकाळचं मात्र संध्याकाळपर्यंत टिकत नसे. म्हणून मी त्याला वही दिली, आणि मोठ्या ऐटीत नियम शिकवला — डोकं एक म्हणालं आणि वही दुसरं, तर वहीचं खरं मानायचं. त्यानं तो नियम पाळला. माझं कोण एवढं ऐकतं?

दर गुरुवारी अकराला मी त्याच्याकडे जायचो. त्याची बायको, कल्पनावहिनी, तेव्हा अंगणवाडीत असायच्या. घरी तो एकटा. एका गुरुवारी मित्रांनी गंगापूर रोडच्या पुढं मिसळीला नेलं. अकरा वाजता मी ओझरला नव्हतो, तिसरा पाव मागत होतो. मग जिलबी. मग झाडाखालची बाज — जाग आली तेव्हा तीन वाजले होते. ऑफिसला कळवून टाकलं : भेट झाली. एवढ्यानं काय बिघडतंय, असंच वाटलं मला.

पुढच्या गुरुवारी मी चप्पल काढतोय तोच विलास म्हणाला, “सर, गेल्या गुरुवारी तुम्ही आले नाय. मी पेरू चिरून ठेवले होते. काळे पडले पार.”

तुम्हाला कळतंय ना काय झालं होतं? आठ दिवसांपूर्वीचं — पेरूसकट! दीड वर्षात पहिल्यांदा. मी त्याला मिठी मारायला हवी होती. वहिनींना अंगणवाडीतून बोलवायला हवं होतं.

मी म्हणालो, “आलो होतो की! विसरलात तुम्ही.”

त्यानं मग वही उघडली. त्या दिवसाचं पान कोरं होतं. तिथंसुद्धा थांबता आलं असतं मला. पण मी — काय सांगू — पेन त्याच्या हातात दिलं. म्हटलं, राहिलं असेल लिहायचं, आता लिहा. आणि मी सांगितलं तसं त्यानं लिहिलं, वाकड्या, कष्टाच्या अक्षरात : सर आले होते. मी विसरलो. पेरू दुसऱ्याच कुठल्या दिवशीचे.

पेरूचं मला काय पडलं होतं? तरी तेही सोडले नाहीत.

त्याचा जुना मालक त्याला अर्धा दिवस स्टोअरमध्ये बसवायला तयार झाला होता. पुढच्याच सोमवारपासून. विलास गेला नाही. वहिनींना म्हणाला, “ज्याची मला लय खात्री होती तेच खोटं निघालं. उद्या तिथं कुणाचं नुकसान करीन.” वहिनींनी मलाच फोन केला, समजवा म्हणून. मी गेलो, समजावलं, चहा प्यालो. खरं बोललो नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं — रुग्णाचा स्वतःवर विश्वास नाही. मालकानं दुसरा माणूस घेतला.

या गोष्टीला चार वर्षं झाली. विलासला दुसरं काम मिळालेलं नाही. मी अजून त्याच्याकडे जातो, वेळेवर जातो. त्या वेळेवर जाण्याला आता काय अर्थ आहे?

गेल्या महिन्यात वहिनी घरीच होत्या, त्याच्या शेजारी बसून मेथी निवडत होत्या. विलासनं मध्येच मला विचारलं, “सर, आमचं लग्न इगतपुरीला झालं ना? का मला आपलं वाटतंय?”

वहिनींचा हात थांबला. लग्न त्यांचं, आणि तो विचारत होता मला. मी त्या लग्नाला नव्हतो. तेव्हा मी या माणसाला ओळखतही नव्हतो.

मी म्हणालो, “हो, इगतपुरीलाच.”

“मग ठीक,” तो म्हणाला. वहिनी मेथी तशीच टाकून आत गेल्या.