सगळ्या मुलीच असलेलं बियाणं

सासूबाई गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. नर्सचं सगळं ऐकून घेतलं, थँक्यू म्हटलं, उरलेल्या पोळ्या लाटल्या आणि मगच मंदारला, माझ्या नवऱ्याला, हाक मारली. तो ढसाढसा रडला. मला काही रडू आलं नाही बाई, आणि उगाच कशाला खोटं सांगू?

त्या नागपूरच्या. उन्हाळ्यापुरत्या म्हणून आमच्याकडे आयर्लंडमध्ये ल्यूकनला आल्या आणि इथेच हाडांचा कॅन्सर निघाला. बाई हुशार, स्वयंपाकात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण जीभ अशी की समोरच्याचं साल निघावं. माझ्या दोन्ही मुलींना त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. थोरली 'पयली' आणि धाकटी 'दुसरी'. तिसऱ्याला हाक मारायची वेळच येऊ दिली नाही. सुट्टीत नागपूरला गेलो होतो, मला दिवस गेलेले. ओळखीच्या डॉक्टरकडे नेऊन त्यांनी गुपचूप बघून घेतलं. पुन्हा मुलगीच म्हटल्यावर त्याच आठवड्यात मला मोकळं करून घरी आणलं. मी नको नको म्हणत होते. मंदार दवाखान्याबाहेर उभा होता. संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी साजूक तुपातला शिरा केला... उत्तम झाला होता.

तर, इथल्या गोळ्यांनी त्यांना गुंगी यायची, ओकाऱ्या व्हायच्या. मग त्यांना तरुणपणी शिवरात्रीला प्यायलेली भांग आठवली. तिने आंग हलकं होते म्हणे. मंदारच्या ऑफिसातला एक आयरिश मित्र घरीच भांगेची झाडं लावायचा. हे बेकायदेशीर आहे, गार्डा, म्हणजे इथले पोलीस, दारात आले तर नोकरी जाईल, असं मी बजावलं, पण आईपुढे माझं ऐकतो कोण! मित्राने दोन प्रकारचं बी सांगितलं. एक फेमिनाइज्ड, त्यातून जवळजवळ सगळी मादी झाडंच येतात. दुसरं साधं, त्यात निम्मे नर निघतात. औषध असतं मादीच्या फुलात. नर वेळेत ओळखून उपटले नाहीत तर सगळ्या फुलांत बिया भरतात आणि औषधाचा कस जातो. पहिल्यांदाच लावतोयस, फेमिनाइज्ड घे, ग्रँड होईल, असं मित्र म्हणाला. मंदारने हे आईला नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सगळ्या पोट्ट्याच? मले नको. साधं आन."

मंदारने साधं आणलं. वरच्या छोट्या खोलीत दिवे लागले, खिडकीला जाड पडदा लागला. सासूबाई रोज काठी टेकत जाऊन रोपांशी गप्पा मारायच्या. नर दिसायला लागले तसे मंदारने उपटायला घेतले. शेवटच्या नराला त्याने हात घातला तेव्हा त्यांनी त्याचं मनगट धरलं. याला हात लावायचा नाही, एक तरी राहू दे घरात, म्हणाल्या. थोरली म्हणालीसुद्धा, "आजी, इट्स ओन्ली अ प्लांट." मी सांगितलं, आई, हा राहिला तर औषध होणार नाही, आणि दुखणं तुमचं आहे. एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगता आलं असतं, सांगितलं नाही. मंदार म्हणाला, जाऊ दे, आईचं मन मोडवत नाही.

व्हायचं तेच झालं. फुलं आली ती बियांनी गच्च. तोवर सासूबाई दुखण्याने दुलईचं टोक दातांत धरायला लागल्या होत्या. एका दुपारी त्यांच्या पलंगापाशी बसून मी फूल चोळलं आणि ताटलीत बिया टपटप पडल्या. त्यांनी थोड्या तळहातावर घेतल्या आणि विचारलं, यातले पोट्टे किती?

"बी बघून कळत नाही, आई," मी म्हटलं. "वाढवल्यावर कळतं. माझ्या मुलीलाही तसंच वाढू द्यायचं होतं."

बियांवर मूठ मिटून त्या छताकडे बघत म्हणाल्या, "पोट्टी नव्हती वो. पोट्टा होता. डॉक्टर चुकला. मी डोयानं पाह्यलं."

आणि रडल्या. इतक्या वर्षांत त्या बाळासाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं, तेही तो मुलगा होता म्हणून. मुलगी असती तर त्या सुखाने गेल्या असत्या. मी ताटली उचलली. त्यांनी माझा पदर धरला, म्हणाल्या, "मंदारले सांगू नको. त्याले सोसवनार नाई."

मला सोसवेल का, हे त्यांनी विचारलं नाही. मंदारला मी अजून काही बोललेले नाही. हे छापून आलं की वाचेल.