लाल नेलपॉलिशची खूण

माझा चुलतभाऊ काश्मीरच्या बर्फात चालणाऱ्या स्कूटर दुरुस्त करायला गेला, त्याचे तिथले स्टेटसचे फोटो मी बायकोच्या फोनवर पाहायचो. माझ्या फोनवर पाहिले असते तर ‘पाहिलं’ म्हणून त्याला माझं नाव दिसलं असतं, आणि ते सुख मला त्याला द्यायचं नव्हतं. पहिल्याच फोटोत त्याच्या भुवयांवर बर्फ होतं. बायको म्हणाली, “किती गोरे झाले भाऊजी!” इकडे डोणगावात फेब्रुवारीतच गॅरेजचा पत्रा तापायला लागला होता आणि माझ्या भुवयांवर ग्रीस होतं.

मला जळायचा हक्क होता असं मी तेव्हा मानत होतो. आम्ही दोघं एकाच उस्तादांकडे शिकलो, एकाच डब्यातलं जेवलो, पण हात माझा चांगला. मोटरसायकलवर दुधाचे कॅन नाहीतर भाजीचे कॅरेट लादणारे लोक यायचे. म्हणायचे, हँडल हलकं लागते, वळणावर गाडी भलतीकडंच जाते. मी त्यांना लादलेल्या मालासकट गाडीवर बसवायचो, कारण रिकामी गाडी खोटं बोलते. मागचं किती दबतं, पुढचं किती उचलतं ते पाहायचो आणि मागचे शॉकअप आवळून गाडी जागेवर आणायचो. लोक मेहकरहून येऊन माझं नाव विचारायचे, त्याचं नाही.

उस्तादांचा एक नियम होता, खूण केल्याशिवाय कशालाच पाना लावायचा नाही. आपल्या मुलीच्या नेलपॉलिशची लाल बाटली ते खिशात ठेवायचे. आधी लाल रेघ ओढायची, मग फिरवायचं, म्हणजे किती फिरवलं ते दिसतं आणि चुकलं तर परत येता येतं. मी बहुतेक वेळा रेघ ओढायचोच नाही, मला हाताला कळायचं. तो मात्र आरशाचा स्क्रू पिळायचा असला तरी आधी रेघ ओढायचा. मी त्याला ‘ब्यूटी पार्लर’ म्हणायचो आणि तो हसायचा.

मग उस्तादांच्या एका जुन्या शिष्याचा काश्मीरहून फोन आला, एक माणूस पाठवा म्हणून. मी मनातल्या मनात बॅग भरली. उस्ताद म्हणाले, “हात तुहा चांगला हाय, नाही कोन म्हनते? पन तिथं परक्यात राहाचं हाय. तिथं सोभाव लागते.” आणि त्याला पाठवलं. आठ दिवस मी उस्तादांशी पान्याच्या नंबराखेरीज काही बोललो नाही. काकू तर बाजारात कांदे घेतानाही भाजीवालीला बर्फाचा व्हिडिओ दाखवायची. माझा जळफळाट व्हायचा, आणि तरी मान वळवून मी तो व्हिडिओ पाहायचोच.

एका रविवारी दुपारी त्याचाच व्हिडिओ कॉल आला.

“दादा, गाडी वळूनच नाही राह्यली. हँडल फिरवलं तरी सरळच जाते. उद्या पाव्हने हायत. वळली नाही त मोठा मेस्तरी मले वापस पाठवते.”

“दाखव,” मी म्हणालो.

त्याने फोन गाडीखाली धरला. पुढे दोन घसरपट्ट्या होत्या, त्यांनीच गाडी वळते. मागे रबराचा रुंद पट्टा, आणि पट्ट्याच्या आत दोन स्प्रिंगा, एक पुढे, एक मागे. मी असली गाडी जन्मात पाहिली नव्हती, पण दोन मिनिटांत मला कळलं. दूधवाल्याचंच दुखणं होतं ते. पट्ट्यातली पुढची स्प्रिंग जास्त आवळलेली होती, ती गाडीचं तोंड वर उचलत होती. घसरपट्ट्यांवर भारच नाही तर त्या बर्फाला धरतील कशा? स्प्रिंग दोन आटे सैल केली की काम झालं.

तेवढ्यात त्याने फोन वर घेतला, त्याच्या मागे पांढरा शुभ्र डोंगर दिसला, आणि मी म्हणालो, “समोरची स्प्रिंग दोन आटे आवळ.”

“दोन आटे आवळतो. बराबर?”

“हाव.”

जीभ घसरली नव्हती. मला तो परत यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. पाहुण्यांच्या आधी त्याने स्वतः गाडी चालवून पाहिली होती. वळणावर ती सरळ बर्फाच्या ढिगात घुसली आणि त्याचा खांदा मुकामार लागून सुजला. मेस्तरीने दुपारपर्यंत मुदत दिली होती. आणि तो काय म्हणतो, “दादा, माह्याच आयकन्यात चूक झाली असन. तू सैल कर म्हटलं असशीन, म्या आवळली.”

सोबत फोटो पाठवला होता. स्प्रिंग आवळायच्या रिंगजवळ लाल रेघ, आणि रिंग रेघेपासून आवळलेल्या बाजूला मोजून दोन आटे. मी सांगितलं तसंच, तितकंच. ऐकण्यात त्याची काहीही चूक नव्हती आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

“रेघेवर वापस आन,” मी म्हणालो, “आनि तिथून दोन आटे सैल कर. मंग कोनाले तरी वर बसवून पाह्य.” दुपारी त्याचा निरोप आला, गाडी वळते, नोकरी राहिली.

एप्रिलमध्ये तो घरी आला. गॅरेजमध्ये उस्तादांसमोर, चहा पिता पिता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “दादाच्या भरोशावर टिकलो तिथं.” मला ते सहन झालं नाही. मी पाना खाली ठेवला आणि सांगून टाकलं, “तुले बराबर आयकू आलतं. म्याच खोटं सांगतलं होतं, जानून.”

उस्तादांनी कप खाली ठेवला. तो मात्र बशीत उरलेला चहा पीत राहिला.

“मालूम होतं,” तो म्हणाला. “पन मंग खरंबी तूच सांगतलं ना.”

उस्तादांनी काश्मीरला कोणाला पाठवलं आणि का, ते मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगतो, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.